सगळ्यांना विचारून

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी ठाकुर्लीच्या आमच्या घरमालक काकांकडे बोट दाखवीन. आणि उभ्या आयुष्यात एकही गोष्ट स्वतःच्या मनाने न केलेला माणूस दाखवा म्हटलं, तरी माझं बोट तिथेच राहील. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आमच्या सोसायटीचे कायमचे अध्यक्ष. लोकशाही त्यांच्या हाडीमासी इतकी खिळली होती, की भाजीवाल्यापुढे उभे राहून ते शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला विचारत, "तुमचं काय मत? दुधी घ्यावा की पडवळ?" एकदा त्यांना चपला घ्यायच्या होत्या. सगळ्या जिन्याचं मत घेतलं, बहुमत कोल्हापुरीकडे गेलं. त्या कोल्हापुरीने दोन्ही पायांना फोड आणले, पण काका ती झिजेपर्यंत वापरत राहिले. बहुमताचा अपमान कसा करायचा? रोज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "आज भाजी कुठली करावी, असं सभेला वाटतं?" काकू म्हणायच्या, "सभेत मी एकटीच आहे. भेंडी चिरायला घ्या."

या विचारण्याला एक पोटनियम होता. अध्यक्षाने स्वतःचं मत द्यायचं नाही. दिलं तर लोक भिडेपोटी माना डोलावतात, असा त्यांचा सिद्धान्त. हॉटेलात गेलं की ते सगळ्यांची ऑर्डर घेत आणि शेवटी वेटरला म्हणत, "मला यांतलं जे जास्त होईल ते." काकू कधी कधी वैतागून मला सांगायच्या, "अरे, इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाला गोड आवडतं का तिखट, ते मला अजून कळलेलं नाही."

हसण्यावारी नेण्यासारखा स्वभाव खरा, पण माझं आयुष्य त्याच स्वभावाने मार्गी लागलं. माझे वडील मुरबाडला भातगिरणीवर कामाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीचा निकाल आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी काकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "काय शिकायचंय तुला?"

"सर म्हणाले, कॉमर्स घे."

"ते सरांचं मत झालं. तुझं काय?"

काय हवं हे मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. काका मात्र समोर बसून राहिले. काकूंचा चहा आला, गार झाला, दुसरा आला. शेवटी मी घाबरत म्हटलं, "भूगोल." काका उठले. "ठरलं तर मग," म्हणाले आणि कॉलेजात चौकशी करायला पायांत चपला सरकवून निघालेसुद्धा. आज मी ठाण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. त्यामागे त्या दुपारी गार झालेला एक कप चहा आहे.

आमच्या इमारतीच्या मागे एक वहाळ होता. टेकाडाकडून येऊन खाडीकडे जाणारा, पावसाळ्यात मांडीभर आणि उन्हाळ्यात घोट्याएवढा. काठाला दोन उंबर, करंजांची रांग आणि कपडे धुवून धुवून गुळगुळीत झालेले दगड. सोसायटीतले बाकीचे लोक त्याला नाला म्हणत आणि त्या बाजूच्या खिडक्या लावून घेत. काका मात्र रोज सकाळी तिथे जात. मला घेऊन जात आणि तिथेही विचारत, "या दगडावर बसूया की पलीकडच्या? तू सांग." पलीकडच्या दगडाजवळ खंड्या बसलेला असला तर ते पाऊल उचललेलं तसंच ठेवून एका पायावर थांबत. तो आधी आला होता, त्याचा हक्क. जुन्या गावातली भाजी विकणारी मावशी पाटी डोक्यावर घेऊन जाताना त्यांना चिडवायची, "काका, रोज बघाला येता, पानी काय पलून जातंय?" काका तिच्याकडे बघून नुसते हसत.

पाडलेल्या इमारतींचा राबिट टाकायला तिथे ट्रक येत. काका कधी भांडले नाहीत. ते ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन आस्थेने विचारत, "हे इथे टाकावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? तुमच्या गावी ओढा आहे? त्याला काय म्हणतात?" एक ड्रायव्हर शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, सोडा ना. मी दुसरीकडे जातो, पण प्रश्न नको." अशा नुसत्या विचारण्याच्या जोरावर त्या माणसाने तो वहाळ कितीतरी वर्षं वाहता ठेवला होता.

मग वॉर्डातल्या मोकळ्या जागांचं काय करायचं, ते रहिवाशांनीच सुचवावं, अशी महापालिकेची योजना आली. आमच्या वाट्याला वहाळाकाठची जागा होती. काकांना जणू आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सबंध परिसराने मिळून आपली हिरवी जागा ठरवायची! त्यांनी माझ्याकडून मोठा नकाशा काढून घेतला. मधून वहाळाची निळी रेघ, काठाला उंबर आणि करंज. नकाशावर खुणा कशाने करायच्या, हेही त्यांनी सगळ्यांना विचारलं आणि काकूंची सूचना मंजूर झाली. बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. ज्याला जिथे जे हवं, तिथे त्याने टिकली लावायची आणि शेजारी नाव लिहायचं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. एवढी गर्दी सोसायटीच्या सभेला कधीच झाली नव्हती. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आधी ते डास घालवा, मग काय ते करा." जिममध्ये जाणारी मुलं म्हणाली, "काका, ओपन जिम पाहिजे, एकदम भारी." ज्येष्ठांना बसायला छत हवं होतं, गुडघेदुखीवाल्यांना सपाट ट्रॅक, आयांना झोपाळे, सेक्रेटरींना थोडं पार्किंग. कोणी देऊळ सुचवलं, कोणी कारंजं. एकही मागणी वाईट नव्हती. काका प्रत्येकाला टिकली देत होते आणि लाजणाऱ्याला पुढे ओढत होते, "या हो, तुमचं राहिलं." तासाभरात नकाशा नवरात्रातल्या देवीसारखा लखलखायला लागला आणि निळी रेघ कुठे दिसेनाशी झाली.

मी मागे उभा होतो. न राहवून म्हटलं, "आणि पाणी कुठून जाणार?"

सेक्रेटरी वळून म्हणाले, "अरे, भाडेकरूंनी सभेत बोलायचं नाही. नियम तुझ्या काकांनीच केलाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मुद्दा योग्य आहे," ते हळू म्हणाले, "पण नियमही आहे."

शेवटी पाकिटावर एक टिकली उरली. काकूंनी ती बोटावर घेऊन त्यांच्यापुढे धरली. "तुमची राहिली की."

"अध्यक्षाची नसते," काका म्हणाले आणि त्यांनी सभा संपवली.

पुढचं सगळं रीतसर झालं. जागा बघायला आलेला इंजिनिअर भला होता. तो म्हणाला, "एवढं सगळं बसवायचं तर पाणी बंदिस्त करून खालून न्यावं लागेल. वर स्लॅब. चालेल ना?" काकांनी पुन्हा सभा घेतली, पुन्हा विचारलं. सगळे हात वर गेले. एक हात वर गेला नाही, पण तो अध्यक्षाचा होता, मोजायचा नव्हता.

बाग छान झाली, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मुलं खेळतात, म्हातारी माणसं संध्याकाळी गप्पा मारत बसतात, वहिनींच्या खिडक्या उघड्या असतात. करंज गेले. उंबर ठेवले होते, भोवती पारही बांधले. पण खालचं पाणी तुटलं आणि दोन्ही हळूहळू वाळले. काका रोज सकाळी इतरांबरोबर ट्रॅकवर फिरत. एका लोखंडी झाकणापाशी आले की थांबत. खालून पाण्याचा बारीक आवाज यायचा. मागून येणारे विचारायचे, "काय काका, दम लागला?" काका म्हणायचे, "हो, थोडासा." त्यांना खोटं बोलताना मी एवढंच ऐकलं.

त्यांनी कधी तक्रार केली नाही. मीच एकदा चिडून बोललो, तेव्हा म्हणाले, "असं बघ, सगळ्यांना विचारून केलंय रे." आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काकू गेल्यावर मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. आता त्यांना कानाने फारसं ऐकू येत नाही, फोनवर बोलणं होत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"ती. काकांना साष्टांग नमस्कार.

घोडबंदर रोडला आम्ही घर घेतलं, हे तुम्हाला ताईंकडून कळलंच असेल. आमच्या संकुलाच्या मागे डोंगराकडून एक ओहोळ येतो. त्या जागेचं काय करायचं, यावर पुढच्या महिन्यात सभा आहे. मी आता सभासद आहे, बोलू शकतो. सभेआधी सगळ्यांना एकदा पाण्याकाठी नेऊन बसवावं, असं मी ठरवलं आहे. येतील की नाही, माहीत नाही. आले तरी काय मागतील, तेही माहीत नाही. आणि विचारल्याशिवाय काही करावं, असं अजूनही मला वाटत नाही. तुमच्याकडे राहिल्याचा परिणाम.

पण एक गोष्ट फार दिवस मनात आहे. तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारलंत. मला तर पहिल्या दिवशी विचारलंत आणि उत्तर येईपर्यंत समोर बसून राहिलात. तुमच्यासमोर तसं कोणी बसलं नाही. काकूंनी विचारून पाहिलं, तर तुम्ही सभा संपवलीत.

काका, आता तुम्ही कुठल्याच सभेचे अध्यक्ष नाही. त्या वहाळाकाठी तुम्हाला काय हवं होतं?

घाई नाही. मी वाट बघतो."