अंकुशाशेजारची कोरी जागा

मी रेल्वेत होतो, दौंडला. निवृत्त झालो तेव्हा लोकांनी शाल-नारळ दिला आणि बायकोनं दम दिला, की आता ती नाणी घरभर पसरायची नाहीत. तिचं अगदीच चुकत नव्हतं. माझ्याकडे पेशवाईतले अंकुशी रुपये आहेत आणि लांबून बघणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. मला वाचता न येणारी फारसी अक्षरं, आणि त्यांच्यात माहुताच्या हातात असतो तसला अंकुश. "एक ठेवा, बाकीचे मोडून मला पैंजण करा," असं ती म्हणते आणि मी चिडतो. सारखे कसे? एकाच्या अंकुशाखाली ठिपका आहे, दुसऱ्याच्या नाही. म्हणजे ठसा वेगळा, तो कोरणारा हातही कदाचित वेगळा.

हे सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात. तरी सांगतो. त्या काळी चांदीचा तुकडा ठशावर ठेवून वरून हातोडा मारत. ठसा मोठा आणि रुपया लहान, त्यामुळे ठशावरचं सगळं काही एका रुपयावर येत नसे. कुणावर उजवी बाजू उठायची, कुणावर खालची. एकाच ठशाचे पुष्कळ रुपये जमवले तरच अख्खा ठसा कळतो. माझ्याकडे एका ठशाचे अकरा जमले होते. त्यांच्यावरून मी वहीत त्या ठशाचं चित्र काढलं होतं, फक्त अंकुशाच्या डावीकडची जागा कोरी होती. अकराही पठ्ठ्यांनी नेमका तिथंच दगा दिला होता. पंधरा वर्षं ती जागा मला डाचत होती.

शिरूरला माझ्या ओळखीचा एक सोनार आहे. जुनं नाणं मोडीत आलं की तो फोन करतो, मी तेवढ्या वजनाची चांदी देतो आणि नाणं सोडवून आणतो. गेल्या मार्गशीर्षात त्यानं मोबाइलवर एका रुपयाचा फोटो पाठवला आणि मी भरल्या ताटावरून उठलो. माझ्या कोऱ्या जागी पाच पाकळ्यांचं फूल होतं.

एसटीनं शिरूर गाठलं. दुकानात न्हावऱ्याच्या एक बाई बसल्या होत्या, साठीच्या आसपासच्या. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि वर्षश्राद्धाआधी त्यांना त्याचा टाक करायचा होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. आमच्याकडे देवांचे असतात तसे घरातल्या गेलेल्या माणसांचेही टाक देवघरात बसवतात. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की ज्याचा टाक त्याच्याच जवळची चांदी हवी. हा रुपया नवऱ्याच्या चंचीत पान-सुपारीबरोबर असायचा.

"ताई, हा मला द्या. याच्याहून चोख चांदी देतो, वजनाला जास्त देतो."

"चांदी तुमची चांगलीच आसंल, दादा. पर ती त्यांच्या चंचीत न्हवती."

माझा तोल गेला. "अहो, असा दुसरा मी आयुष्यात पाहिला नाही! दोनशे वर्षं टिकलाय तो. वितळवायला जीव कसा होतो तुमचा?"

"येवढा भारी हाय व्हय?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग तर लई चांगलं झालं. जल्मात त्यांना काय भारी मिळालं न्हाई."

सोनार मान खाली घालून फुंकणी पुसत बसला. मी तरी हेका सोडला नाही. म्हटलं, "त्यांचा फोटो असेल ना? तो ठेवा देवघरात."

"हाय की, भितीवर हाय. पर फोटूला आंगूळ घालता येत न्हाई. टाकाला येती." मग त्या म्हणाल्या, "अर्धं अंग गेलं हुतं त्यांचं. दीड वर्स मीच घालत हुते रोज आंगूळ. आता सकाळच्याला हाताला कामच न्हाई."

मला स्वतःची लाज वाटली. मी रुपयाचे फोटो काढले, कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली आणि फूल उतरवून घेतलं. फोटो म्हणजे नाणं नव्हे, हे मी आजवर शंभर जणांना ऐकवलं असेल.

चांदी वितळवायची मूस तापली. घरच्या माणसाच्या हातानंच चांदी मुशीत सोडायची, म्हणून सोनारानं रुपया त्यांच्या हातात दिला. त्या अंगठ्यानं तो घोळवत राहिल्या. हात काही पुढं जाईना.

"माझ्याच्यानं न्हाई हुत," त्या म्हणाल्या. "दादा, तुम्ही टाका. तुमचा बी जीव हाय त्याच्यावर."

नाही म्हणावं असं फार वाटलं. रुपया घेतला तेव्हा तो त्यांच्या हातानं ऊन झालेला होता. मी सोडला. सोनारानं आच वाढवली. रुपया लाल झाला, मग आधी फूल गेलं, नंतर अंकुश, आणि मग नुसता एक चमकता थेंब हलत राहिला.

बाई डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. "झालं का वो, दादा?" त्यांनी विचारलं.

मी त्या थेंबाकडेच बघत होतो. सोनारच म्हणाला, "झालं, मावशी."