तिच्या नावाने बदललेल्या फाईली

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून अंगणात जायचो. पण एका बाईच्या नावावर डाग आहे आणि तो माझ्यामुळे आहे, हे आता लिहायलाच हवं.

वर्ध्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान होतं. लग्न मोडून नालवाडीला माहेरी परतलेली एक बाई आमच्याकडे कॉम्प्युटरवर मालाचा साठा भरायची. या नोकरीमुळेच घरी भाऊ तिला मान देत.

गोदामातली पोती आणि कॉम्प्युटरमधले आकडे जुळेनात, तेव्हा भाच्याने एक प्रोग्राम बसवून दिला. तो फाईलींवर नजर ठेवायचा. कुठल्या फाईलीत काय बदललं, केव्हा आणि कोणाच्या नावाने, हे संध्याकाळी माझ्या मोबाईलवर यायचं. एकदा भरून झालेले जुने आकडेही बदललेले दिसू लागले. मी नाव तेवढं वाचायचो. नाव तिचंच असायचं.

भर दुकानात मी तिला विचारलं, "जुने आकडे काऊन बदलवतेस?"

"मी नाई बदलवले, काका."

"मंग भूत बसते काय कॉम्प्युटरवर?"

गिऱ्हाईकं हसली. "भुताले पासवर्ड मीच देला असन," ती म्हणाली.

"पोते कोणाले विकले ते सांग," मी म्हणालो. मग कोणी हसलं नाही. तिने डबा उचलला आणि निघून गेली. गोष्ट बाजारभर झाली. दुसऱ्या कुठल्याच दुकानाने तिला ठेवलं नाही.

ती गेल्यावरही संध्याकाळी तिच्याच नावाने बदल येत राहिले. मी भाच्याला फोन केला.

"मामा, हे सगळे बदल दुकान उघडतानाचे आहेत. तवा कोण राह्यते तिथं?"

मीच असायचो. शटर उघडलं की तराजू पुसून त्याची पूजा करायची, ही आमच्या घरची रीत. कॉम्प्युटर आल्यावर मी त्यालाही कुंकू लावू लागलो, त्याआधी कीबोर्ड फडक्याने रगडून पुसायचो. सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून तो बंद करायचा नाही, फाईल उघडीच ठेवायची, हा हुकूमही माझाच होता. फडक्याखाली बटणं दाबली जात, आकडे बदलत आणि फाईल आपोआप सेव्ह होई; कॉम्प्युटर तिच्याच पासवर्डने उघडलेला, म्हणून तिच्या नावाने. गोदाम मोजलं. पोती सगळी जागेवर होती.

"तो प्रोग्राम काढून टाक," मी भाच्याला म्हणालो.

"काऊन? चोर सापडला काय?"

"हो," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता ती बाजारात भावांच्या वाडीतली भाजी विकते. मी मुद्दाम तिच्याकडेच जातो. "या काका, वांगे पहा, आजच तोडले," असं म्हणते. जुनं काही काढत नाही. मागच्या आठवड्यात मी वाटभर वाक्यं जुळवत गेलो होतो. तिने विचारलं, "अजून काय देऊ?" मी म्हणालो, "सांबार दे एक जुडी." कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आलो.

म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, फाईली माह्याच हातानं बदलत होत्या. तू गेल्यावर मले समजलं, तरी मी चूप बसलो. चार लोकांसमोर तुले चोर म्हटलं, आता त्याच चार लोकांसमोर सांगतो, तुही काहीच चूक नव्हती. मले माफ कर.