पुलावरची पाटी

उलव्याच्या स्टेशनवर मी प्रवाशांच्या पाहणीचे फॉर्म भरून घेत होतो. माठाच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी रोज पादचारी पुलावरून पलीकडे जायची आणि पनवेलची रिक्षा धरायची. गाडीकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा मी विचारलं, "आजी, लोकलनं का जात नाही?"

पाटी न उतरवताच ती कडाडली, "माझी गिऱ्हाइकं पनवेलला. ही गाडी तिथं जाते का? माझ्या शेतातनं रूळ नेलं तवा कुनी इचारला नाय, तुला कुठं जायाचा हाय. आता इचारतंस?"

फॉर्मवर 'गाडी तिकडे जात नाही' असं कारणच नव्हतं. मी ते हातानं लिहिलं. साहेबांनी खोडायला लावलं आणि मी निर्लज्जपणे 'प्रवासाची गरज नाही' यावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन पुलाच्या पायऱ्या चढत होती.