लंबवर्तुळवाल्या मॅडम

ग्रहाची कक्षा कुणी गोल काढली, की मॅडम वही मिटून परत देत. "सूर्य मधात बसत नाही वं. पुन्हा काढ." सक्करदऱ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्यांना सगळे 'लंबवर्तुळवाल्या मॅडम' म्हणत.

त्यांचे वडील हातमागावर विणायचे. त्या मागाचा उरलेला धागा मॅडमच्या पर्समध्ये असे. दोघींनी फळ्यावर बोटं रोवून धरायची, त्यांभोवती धाग्याचं सैल कडं घालायचं, ते खडूनं ताणून फिरवायचं. "या बोटापाशी सूर्य. ग्रह जवळ आला की पळते, दूर गेला की रेंगाळते."

आमच्या दहावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, त्या फळ्यावरची गणितं मला लिहायला लावू लागल्या. वह्या अगदी डोळ्यांशी नेत. आम्हाला कळलं होतं, पण बाहेर कुणी बोललं नव्हतं. शेवटी एका पालकांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापक वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले.

मी फळ्यावर लिहिलं : एका ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या चौपट आहे, तर त्याचं वर्ष केवढं? मॅडम आमच्याकडे तोंड करून नियम सांगत होत्या : काळाचा वर्ग, अंतराचा घन. मुख्याध्यापक उठले. ओठांवर बोट ठेवून त्यांनी 'चौपट' पुसलं आणि 'नऊपट' लिहिलं.

"मॅडम, हे सोडवून दाखवा."

मॅडम फळ्याकडे वळल्या. "चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. त्याचं वर्गमूळ आठ. आठ वर्षं."

वर्गातल्या सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. गप्प राहिले असते तरी त्या सापडल्याच होत्या.

"मॅडम, तिथं नऊ आहे."

त्यांचा हात फळ्यावर तसाच राहिला. "मग सत्तावीस," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या." आणि मुख्याध्यापकांना, "सर, मले फळा दिसत नाही. आधीच सांगायला पाहिजे होतं."

सोमवारी आम्हाला नवे सर आले. त्याच संध्याकाळी मी बेसाला मॅडमच्या घरी गेले आणि दारातच रडू लागले. "माझ्यामुळे झालं."

"काहून? तू चूप राहिली असती तं चाळीस पोरी आठ लिहून घरी गेल्या असत्या." त्यांनी चाचपडत खुर्ची पुढे केली. "बस. पुढचं गणित वाच. मी ऐकून राहिली."

परीक्षेपर्यंत मी रोज त्यांच्याकडे जाऊन गणितं वाचत राहिले. मॅडम आता नाहीत. शिकवताना माझं काही चुकलं आणि एखादी मुलगी भीत भीत हात वर करू लागली, की मी खडू खाली ठेवते आणि तिचं पूर्ण ऐकून घेते.