सिस्टरचं चुकलेलं उत्तर

लेकराला ताप आला की "काही होत न्हाई" म्हणणारे जगात पैशाला पासरी भेटतात, पर नुसतं तेवढं म्हणून ताप उतरवणारी बाई आख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होती, आन ती आमच्या भिंतीला भिंत लावून राह्यची, हे मी कुठं बी छातीवर हात ठेवून सांगीन. तीर्थपुरीत तिला नावानं कुणी हाक मारली न्हाई. सगळ्यांची ती सिस्टर. तिचे वडील रिटायर गुरुजी, सख्खा बाप, ते बी म्हणायचे, "सिस्टर, चहा टाका." नर्सिंगचा कोर्स करून ती जालन्याला एका दवाखान्यात कामाला होती, एस्टीनं जाऊन येऊन, आन संध्याकाळी घरी आली की उरलेला दवाखाना आमच्या गल्लीत चालायचा. त्यातली कायमची पेशंट म्हणजे मी. माझे मालक अंकुशनगरला साखर कारखान्यात, सीझन असला की मुक्काम तिकडंच, मी आन माझी चिमी दोघीच खोलीत, शाळा माझी नववीत सुटलेली, आन भीती तर मला माहेराहून रुखवतातच आल्ती. चिमीला उचकी लागली की मी पळाले सिस्टरकडं, उचकी थांबली की कामून थांबली म्हणून परत पळाले.

सिस्टर हात धुवायची. काही असू द्या, आधी हात धुवायची, चिमीनं नुसता खडू चाटला असला तरी. मंग पोरीचे डोळे बघायची, पोट दाबायची, आन म्हणायची, "काही होत न्हाई." बस. तेवढ्यानं माझे पाय जमिनीला लागायचे. हे म्हणायच्या बी तिच्या तऱ्हा होत्या. मला म्हणायची ते लांबवून, जसं काही झोका देऊन राह्यली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना म्हणायची ते रागावून, "काही होत न्हाई तुम्हाला, आधी ती तंबाखू थुका." एका माणसाला विंचू चावल्ता, तो बोंबलत आला, त्याच्यावर ती एवढ्या जोरात ओरडली "काही होत न्हाई!" की तो विंचवाला विसरून तिलाच भ्यायला, आन तिनं तशीच रिक्षात घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेला. पर एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. सिस्टरचे केस लांब, घरी ती मोकळेच सोडायची. तोंडानं "काही होत न्हाई" म्हणता म्हणता तिनं क्लिप घेऊन केस वर बांधले, की समजायचं, मामला नाजूक हाय. विंचवाच्या दिवशी बांधले होते. चिमीला जुलाब लागून तिचे डोळे खोल गेल्ते, त्या दिवशी बांधले होते. म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघतच नव्हते, केसांकडं बघायचे.

तर अशी ही बाई परीक्षेत नापास झाली. आखाताकडं जायचं तिनं मनात घेतलं होतं, आमच्याकडं त्या सगळ्या मुलखाला दुबईच म्हणतात. तिकडं नर्सचं काम करायचं तर तिकडचं लायसन पाह्यजे, आन लायसनसाठी परीक्षा, सगळी इंग्रजीत, कम्प्युटरवर, एका प्रश्नाला चार उत्तरं, एक बराबर, बाकी सगळी माणसाला फसवायला. गुरुजींना एवढा भरोसा, एवढा भरोसा, की निकाल यायच्या आधीच त्यांनी पेढे आणून ठेवले. निकाल आला मोबाईलवर. सिस्टरनं वाचला, मोबाईल पालथा ठेवला आन म्हणाली, "अण्णा, पेढे आंबतील, वाटून टाका." गुरुजी प्रामाणिक माणूस, खोटं बोलणार न्हाई, घरोघरी गेले आन सांगितलं, "सिस्टर परीक्षेला जाऊन आली, त्याचे पेढे." लोकांनी खाल्ले, अभिनंदन बी केलं. एकानं तर विचारलं, पगार किती देऊन राह्यले?

दुसरी कुणी असती तर रडली असती. सिस्टरनं घर धुतलं. पडदे धुतले, पंख्याची पाती धुतली, कॅलेंडरवरून बी ओलं फडकं मारलं, मंग तिची नजर माझ्या घराकडं गेली आन माझी भांडी परत घासून निघाली. मी आपली दारात उभी.

"ताई, वाईट वाटून राह्यलं का?" मी म्हणलं.

"मला कामून वाटंन? पेपर नापास झाला, मी थोडीच झाले? त्याच्यात पेशंट होता का सांग? नुसतं लिहिलेलं होतं की पेशंट हाय. हात लावायला भेटला असता तर दाखवलं असतं."

मंग पुण्याची तिची एक मैत्रीण, ती आधीच पास झालेली, तिचा फोन आला, सिस्टरनं तो स्पीकरवर टाकला. मी तिथंच होते, चिमीला शिंक आल्ती म्हणून गेल्ते. मैत्रीण म्हणाली, पेशंट घाबरलाय, त्याची बायको रडून राह्यली, अशा वेळी नर्स काय बोलंन, असे प्रश्न येतात बघ, तिथं तू काय लिहिलं? सिस्टर म्हणाली, हे काय विचारणं झालं, दर वेळी तेच लिहिलं, घाबरू नका, काही होत न्हाई. तर फोनमधून ती एवढी हसली की चिमी दचकली. म्हणाली, अगं येडे, ते उत्तर तिथं चुकीसाठीच ठेवलेलं असतं, जिथं दिसंन तिथं डोळे झाकून फुली मार, नर्सनं खोटा धीर द्यायचा नसतो, पेशंटला त्याची भीती बोलू द्यायची असते.

सिस्टरनं फोन ठेवला. मंग मला म्हणाली, "म्हणजे चिमीचे आई, मी आजपर्यंत जेवढे पेशंट बरे केले, ते सगळे चुकीच्या उत्तरानं झाले?"

आता तिकडच्या दवाखान्यानं जागा धरून ठेवली होती, पर आणखी एकाच परीक्षेपुरती. या वेळेला बी नापास, तर जागा दुसरीला. म्हणून सिस्टरनं ते चुकीचं उत्तर तोंडातूनच काढून टाकायचं ठरवलं, आन गल्लीचे हाल सुरू झाले. घरात पहारा गुरुजींचा. पेपरच्या आड बसलेले असायचे, तिच्या तोंडातून "काही हो..." एवढं निघालं की आडूनच म्हणायचे, "चूक." सकाळी दूधवाली आली, म्हणाली, बाई, कालचं दूध नासलं म्हणं तुमचं. सिस्टरनं तिला पाट दिला, समोर बसली, डोळ्यात डोळे घालून विचारलं, "दूध नासलं तर तुम्हाला मनातून कसं वाटून राह्यलं?" दूधवाली म्हणाली, "अगं माय! दूध तुमचं नासलं, मला काय वाटायचं?" दुसऱ्या दिवसापासून ती भांडं दारातच ठेवायला लागली.

आन माझं तर विचारूच नका. चिमीनं मण्यांच्या माळेतला मणी गिळला, मी तशीच अनवाणी पळत, श्वास वर, "ताई, मणी गिळला वो, मणी!" सिस्टरनं हात धुतले, पोरीचं तोंड बघितलं, श्वास ऐकला, आन मंग मला खाली बसवून म्हणते, "म्हणजे चिमीनं मणी गिळला म्हणून तुला भीती वाटून राह्यली."

"मी तेच तर म्हणलं की आत्ता!"

"हं. आणखी सांग."

आता आणखी काय सांगू, मणी एकच होता. मंग ती गप बसली. गप बसायचं बी पुस्तकात असतं म्हणं, पेशंटला वेळ द्यायचा. मी बी गप. तिकडं माझ्या गॅसवर दूध उतू गेलं त्याचा वास येऊन राह्यला आन आम्ही दोघी एकमेकींकडं बघून राह्यलो. शेवटी मीच रडायला लागले, आन रडता रडता भलतंच बोलून गेले, की मणी तर मणी, पर मालक तिकडं, रातच्याला कडी वाजली तरी मला घाम फुटतो, आन मला काही येत न्हाई, लेकराचं काही झालं तर सगळे मलाच म्हणतील, अडाणी माय. हे मी कुणापाशी बोलले नव्हते. सिस्टर ऐकत होती. तिचे केस मोकळेच होते, हे मी रडता रडता बघून घेतलं. मणी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं खाली आला. गल्लीतल्या बायांचं एकमत झालं, की नापास झाल्यापासून सिस्टरच्या डोक्यावर परिणाम झालाय, हात लावती पर धीर देत न्हाई. मला बी ते पटल्यासारखं वाटायचं. फक्त त्या दिवसापासून कडी वाजली तर घाम थोडा कमी यायचा, ते कशानं, कुणाला ठाऊक.

परीक्षेला जायच्या दिवशी मी चिमीला काखेत घेऊन स्टँडवर गेल्ते. गुरुजी चौकशीच्या खिडकीकडं गेल्ते, बस कधी लागती विचारायला, त्यांना बोर्डावर भरोसा नव्हता. सिस्टर बाकावर बसलेली, पिशवी मांडीवर घट्ट. आन माझी नजर गेली ती केसांवर. बांधलेले. नुसते बांधलेले न्हाई, क्लिपवर आणखी क्लिप. तोंडात एकच आलं, काही होत न्हाई, ते मी दातांनी धरलं, कारण ते चुकीचं, आन परीक्षेच्या दिवशी चुकीचं कशाला. म्हणून तिचंच तिला विचारलं.

"ताई, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटून राह्यली?"

ती माझ्याकडं बघतच राह्यली. मी बी गप बसले. गप बसायचं मला शिकवलेलं होतं.

"पास झाले तर?" ती म्हणाली. "नापास झालं की काय करायचं ते मला येतं, घर धुवायचं. पास झाले तर अण्णाला बीपीची गोळी कोण देईन? ते खिशात टाकतात आन विसरतात. आन तू, येडे, तू कुणाच्या दारात पळत जाशील?"

याच्या पुढचं तिनं शिकवलंच नव्हतं. मी म्हणलं, गोळी मी देईन, समोर उभी राहून देईन. माझं काय ते बोलले न्हाई. बस लागली. खिडकीतून तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "बराबर विचारलंस," म्हणाली, "मला यायला पाह्यजे तेवढं तुला यायला लागलं."

पास झाली. या खेपेला गुरुजींनी आधी पेढे आणले नव्हते, आन निकाल आला तो बाजाराच्या सुट्टीचा दिवस, म्हणून घरात होता तो गूळ वाटत फिरले. लोक विचारायचे, "गुरुजी, आता कशाचा? जाऊन आली त्याचाच का?" गुरुजी एवढे हरखले होते की मान डोलवून "हाव, हाव" म्हणायचे.

सिस्टर दुबईला गेली, आन आता गुरुजींना सकाळची गोळी मी देते. ते पेपरच्या आडून हात काढतात, मी तळव्यावर ठेवते, गिळंस्तोवर हालत न्हाई. परवा दुपारी चिमीला ताप आला. मी व्हिडिओ लावला. सिस्टर दिसली, मागं पांढरी भिंत, गालात जराशी भरलेली. एक एक विचारून घेतलं तिनं, लघवी करती का, पाणी पिती का, ताप किती. मी थर्मामीटर दाखवला, आता मला बघता येतो. साध्या पाण्यानं अंग पुसून घे, तापाचं औषध दे, उद्यापर्यंत उतरला न्हाई तर सरकारी दवाखान्यात दाखव, म्हणाली. मंग म्हणाली, आता तू सांग, तुला काय वाटून राह्यलं. मी सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, मधी बोलली न्हाई. बिलकुल बराबर, पुस्तकात असंन तसंच. तरी माझ्यानं फोन ठेवंना.

"आणखी काय राह्यलं?" तिनं विचारलं.

"ताई, एक बार ते चुकीचं उत्तर देता का."

तिनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकत तर न्हाई. मंग फोन तोंडाशी आणला, एवढा जवळ की नुसती हनुवटी दिसून राह्यली, आन हळूच, झोका दिल्यासारखं लांबवून म्हणाली, "काही होत न्हाई गं, चिमीचे आई."

चेहरा परत दिसला तशी माझी नजर सवयीनं केसांवर गेली. पर तिकडं त्यांना डोक्याला निळी कापडी टोपी असती, सगळे केस आत. कळायला काही मार्गच न्हाई. मी आपलं धरून चालले, मोकळेच असतील.