मातीची सवत

फोन आला तेव्हा मी मिल्टन गावातल्या आमच्या घरी भेंडी चिरत होते. पलीकडे मेई रडत होती. ती आणि माझे यजमान शरद टोरांटोच्या संग्रहालयात हौसेने गाईडचं काम करायचे. लोकांना माहिती सांगता सांगता हे कोसळले, आणि गेले... कुठे, तर त्या घागरीसमोर! माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? शेवटी तिच्याच दारात गेले.

घागर चीनमधली, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. हाताने घडवलेली, वर काळ्या-तांबड्या भोवऱ्यांची नक्षी. निवृत्तीनंतर हे दर शनिवारी गुळगुळीत दाढी करून तिच्याकडे जायचे. माझ्याबरोबर ग्रोसरीला यायचं तर गुडघे दुखायचे, तिच्यापुढे मात्र तासन्‌तास उभे! घरी आले की, "अगं, आज काय सुरेख उजेड पडला होता तिच्यावर!" दिवाळीला मी नवी पैठणी नेसून समोर आले, तर म्हणाले, "छान... स्वेटर घालून घे." मी तिला सवत म्हणायची, हे मिशीत हसायचे. मुलगी वैतागायची, "आई, इट्स जस्ट अ पॉट!" हाडामांसाच्या सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात, हिचं काय करायचं? इतक्या वर्षांत एक सुरकुती नाही मेलीला.

परवा, दीड महिन्याने, पहिल्यांदाच तिला बघायला गेले. मेईने काचेपाशी नेलं, "शरद यूज्ड टू स्टँड राइट हिअर," म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. घागर देखणी आहे, खोटं कशाला बोलू? आणि मजेत बसलेली. तिचं काहीच गेलं नव्हतं... मला भयंकर राग आला.

शेजारी एक जोडपं उभं होतं. खालचा भाग कोराच का ठेवलाय, असं बाईने नवऱ्याला विचारलं. त्याला सांगता येईना, तशी ती माझ्याकडे वळली. "डू यू नो?"

मला ठाऊक होतं. एका रविवारी यांनी मला किचनमध्ये फरशीवर बसवलं, पुढ्यात वरणाचं पातेलं ठेवलं. "बघ, वरूनच दिसतं ना? ती माणसंही अशीच जमिनीवर बसत असणार. दिसतच नाही तिथे कशाला रंगवायचं?" मग स्वतःही शेजारी बसले, आणि दोघांनाही उठता येईना. एकमेकांना धरून उठेपर्यंत इतके हसलो की वरण पुन्हा गरम करावं लागलं. हे त्यांनी तिथे शेकडो लोकांना सांगितलं असेल, पण पातेल्यासकट फक्त मला.

"सॉरी," मी त्या बाईला म्हटलं, "नो आयडिया."