साडूंची हुकलेली टिकटिक

आमच्या थोरल्या साडूंइतका वेळेचा पक्का आणि वेळेला न सापडणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. हे ठाऊक असूनही, त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याला पोचल्या पोचल्या मी माझं मनगटी घड्याळ त्यांच्या कॉम्प्युटरवरून लावलं. यंत्र खोटं कशाला बोलेल, हा माझा पदवीधर भाबडेपणा.

साडू वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे आणि बजाजनगरातल्या घरी आणखी चार पाळायचे. पाहायला गेलं तर टेबलावर एकच जुनाट डबा. चौघंही त्याच्या पोटात. साडूंच्या भाषेत व्हर्च्युअल, माझ्या भाषेत मानलेले, मानलेला भाऊ असतो तसे. एक जिन्यातला दिवा लावायचा, एक पंचांग सांगायचा, एक बिल्डिंगच्या पाण्याची मोटर चालू करायचा. चौथा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्या की, जागा होती." मेव्हणीबाईंनी चहाला हाक मारली की 'आलो' लगेच यायचं, साडू मात्र चहा निवल्यावर.

दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूकडं पसरत चाललेलं, नळ मात्र आठवड्यातून एकदा, तोही सकाळी घटकाभर. तेवढ्यात मोटर लागली नाही तर पाणी पुढच्या बिल्डिंगचं. म्हणून साडूंनी सगळ्यांना मोटरचं बटण दाबण्यातून कायमचं मुक्त केलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी. मेव्हणीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "मोटर लागली का वो?" साडू म्हणाले, लागंल वेळेवर. मी मनगटाकडं पाहून भारदस्त दुजोरा दिला. मोटर लागली तेव्हा नळ नुसता फुसफुसत होता.

वैजापूरहून पाहुणे निघालेले, खालचे लोक रिकाम्या बादल्या घेऊन वर आलेले, मी टँकरवाल्याला फोन लावतोय. आणि साडू नव्या झब्ब्यात कॉम्प्युटरपुढं हरखून बसलेले. मोटरवाल्या मानलेल्याचं घड्याळ मागं पडत होतं, त्याचा आजार सापडला होता. "टँकर एक, गल्ल्या चार," डब्याकडं आणि त्याच्या पोटातल्या चौघांकडं बोट दाखवत ते मला समजावू लागले. "हरेक गल्ली सेकंदाला हजारदा वरडती, टिक द्या, टिक द्या. डबा बिचारा कुणाकुणाला देणार? हुकली टिक की तेवढं घड्याळ मागं." मग उपाय? "मागणं कमी करायचं. हजाराच्या जागी शंभर. लई झालं."

खालच्या मजल्यावरचे काका बादली खाली ठेवत म्हणाले, "आमी तर आठवड्याला एकदाच मागतो, साहेब."

टँकर आला, पाहुणेही आले. पाटावर बसलेल्या लेकीनं बापाला दोनतीनदा बोलावणं धाडलं. दर वेळी 'आलो' तेवढं आलं. साडू आले तेव्हा अंगठी बोटात गेली होती. ते दारातच थबकले. मग शेजारी बसून लेकीला पेढ्यामागून पेढा भरवू लागले. झोप लागते का, सासर लांब पडंल का, तिकडं कुणी रागावलं तर सांगशील ना, सगळं एका दमात. ती भरल्या तोंडानं नुसती मान हलवत होती. काही डबे हुकलेली सगळी टिकटिक नंतर अशीच एकदम ओततात, हेही साडूंनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

परतताना मी साडूंची नक्कल करत ही गंमत बायकोला ऐकवली. ती खिडकीबाहेर बघत होती.

"हसताय काय," ती म्हणाली. "आपली पोर पुण्याला एकटी राहते. रविवार आला की तासभर उलटतपासणी घेता तिची. रोज दोन शब्द बोला की."